कंदीलपुष्पाच्या खुनाचं पत्रक

त्या वर्षी मी देशी वनस्पती वाचवायला निघाले होते. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून सह्याद्री वाचवणं फार सोयीचं असतं. चढ लागत नाही. साताऱ्याच्या मावशीने तिच्या कुंडीतला कंदीलपुष्पाचा एक कंद दिला होता, लहान बटाट्याएवढा. तो मी खिडकीखालच्या वाफ्यात लावला. पावसाळ्यात वेल सुतळीवरून जाळीपर्यंत चढली आणि तिला बोटाएवढे हिरवट-जांभळे कंदील लागले. शेजारीण म्हणाली, "बस, इतना सा?" दिल्लीला डेलियाहून लहान फूल दिसतच नाही.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली. मी रोज तांब्याभर पाणी ओतत राहिले. एका संध्याकाळी कॉलेजातून आले तर वेल नाही, सुतळी नाही, माती उकरलेली. आई दुपारच्याच गाडीने पुण्याला गेलेली. शेजारच्या वाफ्यात ब्लॉकचा म्हातारा माळी खुरपं घेऊन बसलेला. आणखी कसला पुरावा हवा? चौकशी सरकारने करावी, आम्ही कॉलेजातली चळवळी मंडळी पत्रक काढतो. 'एका दुर्मिळ वेलीचा खून', हिंदीत, सायक्लोस्टाईल, शंभर प्रती. दुधाच्या बूथपासून बसस्टॉपपर्यंत चिकटवल्या. खुनी कोण, तेही छापलं होतं.

आई परतली त्याच सकाळी माळी दारात आला. "बेटी, हमने हाथ भी नहीं लगाया. साहब ने कल दफ़्तर बुलाया है. नौकरी जाएगी."

आईने बॅग खाली ठेवली. "कंद मी काढला. रोज पाणी ओतत होतीस, सडला असता. थंडीत झोपतो गं तो. वाळूत घालून डब्यात ठेवलाय, होळीनंतर लावू."

"मग सांगायचं ना मला."

"टेबलावर चिठ्ठी ठेवली होती."

होती. उरलेल्या पत्रकांखाली.

त्याच्या साहेबांकडे मीच गेले. नोकरी वाचली. मग दुसरं पत्रक काढलं, माफीचं, आणि एक प्रत माळ्याच्या हातात दिली. त्याने ती उलटीसुलटी पाहिली. पहिलं पत्रक त्याला बूथवाल्याने रांगेसमोर वाचून दाखवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. अशिक्षितांच्या हक्कांवरही आमचं एक पत्रक होतं, बरं का.

दुसऱ्या सकाळी दुधाच्या रांगेसमोर उभी राहून मी माझी माफी वाचू लागले. दोन ओळी झाल्यावर रांगेतून माळी म्हणाला, "ज़रा ज़ोर से, बेटी. उस दिन पीछे तक सुनाई दिया था."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.