टॅबची तडकलेली काच
व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता, "आजी, टॅबची काच का बदलत नाहीस?" म्हणून लिहिते. गेल्या वर्षी पंचवटीत आमच्या ओट्यावर शेजारची सातवीतली मुलगी या टॅबवर अपूर्णांकांचा खेळ खेळत होती. वडिलांनी हाक मारली, तर म्हणाली, "बाबा, एकच गणित राहिलंय." ते धावूनच आले. "सारखा मोबाईल!" म्हणत त्यांनी तिची वेणी ओढली, फाडकन मुस्कटात मारली आणि टॅब फरशीवर आपटला. मी मध्ये पडले, तर मलाही भिंतीवर ढकललं. तडकलेल्या काचेखाली खेळातली कापलेली भाकरी तशीच दिसत होती. मुलीनं फुटलेल्या ओठाचं रक्त पुसलं आणि तीन चतुर्थांशावर बोट ठेवलं. उत्तर बरोबर आलं म्हणून टॅबमधून टाळ्या वाजल्या. वडिलांचा पुन्हा उगारलेला हात वरच राहिला. आता ती रोज माझ्याकडे याच टॅबवर गणितं सोडवते आणि तेच तिला न्यायला येतात. काच बदलू म्हटलं, की ती म्हणते, "राहू द्या आजी, बाबांना दिसू दे."