साठीच्या आधीचा कोसा

मोहाडीच्या हेमराजला कारखान्यात डुलकी लागली की हातमाग ऐकू यायचा. भट्टीच्या धगीत तो ठोका पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. बाप गेल्यावर माग विकून तो कंपनीत लागला आणि फोरमन झाला. घराण्याची कोसा रेशमाची किनार विणता येणारी आता एकटी त्याची आई उरली होती, रुखमाबाई.

साठीला चार वर्षं होती, पण आई आहे तोवर ती किनार शिकायला त्याला आताच नोकरी सोडून माग घ्यायचा होता. कंपनीनं त्याच्या निवृत्तीसाठी साठवलेला फंड होताच. लेक रश्मी नागपुरात करसल्लागाराकडे कामाला होती. रविवारी ती आली.

"बाबा, आता काढसान त ते कमाईत धरून टॅक्स कापतीन. नोकरीत असतानाच सरकारच्या पेन्शन योजनेत, एनपीएसमंदी वळवा, टॅक्स लागत नाही. साठीले अर्ध्याहून जास्त बिनटॅक्सचं हाती येईन. बाकीची पेन्शन भेटन, तिच्यावर टॅक्स हाये."

"म्हणजे साठीपर्यंत थांबाचं."

"त्यातच शहाणपण हाये."

हेमराजनं मान डोलावली.

दुपारी आई अंगणात खाटेवर झोपली होती. कडुनिंबाची सावली तिच्या तोंडावरून सरकत होती आणि गोधडीवर बोटं चालली होती, डावीकडून उजवीकडे, सावकाश.

"माय, काय करून राहिली?"

"धागा तुटला रे," ती डोळे न उघडता म्हणाली, "जोडून राहिली."

संध्याकाळी रश्मी नागपूरला पोचल्यावर त्यानं तिला फोन लावला. "कापू दे टॅक्स."

"बाबा, तुमी नुकसान करून घेऊन राहिले."

"माहीत हाये, बाई."

त्यानं नोकरी सोडली, आणि रश्मी म्हणाली होती तसा टॅक्स कापला गेला. उरलेल्यातून त्यानं आंधळगावचा एक जुना माग आणला. आईला धागा दिसत नसे. ती भिंतीला टेकून नुसती ऐकायची. "हात जड पडला," म्हणायची, आणि खरंच तिथं वीण दाटलेली असायची. पहिलं कापड पायवाटेसारखं वाकडंतिकडं निघालं. तिनं ते गालाला लावलं आणि तशीच झोपून गेली.

हेमराजची साठी उलटली तरी रुखमाबाई होती.

"थांबले असते तरी चाललं असतं, बाबा," रश्मी एकदा हळूच म्हणाली.

"असन," हेमराज म्हणाला. त्याचं लक्ष आईकडे होतं. माहेरच्या एका लुगड्याचा काठ तिला अर्धाच आठवला होता, आणि उरलेला ती डोळे मिटून शोधत होती.