धोंडीरामांचा पासवर्ड

सातपूरच्या एका कारखान्यात धोंडीराम गांगुर्डे यांनी उभी हयात यंत्रांचं तेलपाणी करण्यात घालवली. ते निवृत्त झाल्यावर सुनेने, निकिताने, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून तो त्यांच्या हवाली केला, आणि धोंडीरामांना पुन्हा एक यंत्र मिळालं.

सकाळचा चहा ते पडद्यासमोरच घेत. खालच्या कोपऱ्यातल्या ढालीच्या चित्रावर लाल ठिपका आला, म्हणजे नवे अपडेट आले. मग पासवर्ड टाकायचा, बटण दाबायचं आणि काम संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. ब्राउझर अपडेट झाल्याची बातमी दूधवाल्यालाही कळे. हे सगळं आपोआप होण्याची सोय आहे, असं निकिता सांगून थकली. पण माणसाचा हात न लागता यंत्र नीट राहील, हे त्यांना पटत नसे.

अशात नांदगावला पुतण्याचं लग्न निघालं. गुडघा दुखत होता म्हणून लंकाबाई, त्यांची बायको, घरीच राहिल्या. हळदीचे फोटो मोठे दिसावेत म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यात लाल ठिपका. आपल्या हातून काही बिघडलं की काय, असं वाटून त्यांनी नवऱ्याला फोन केला.

धोंडीराम पंगतीला बसले होते. हात भरलेला, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पत्रावळीशेजारी ठेवला आणि कुठे दाबायचं ते समजावलं. लंकाबाईंनी दाबलं. यंत्राने पासवर्ड मागितला.

धोंडीरामांनी पंगतीकडे एकवार पाहिलं. राहू दे, आल्यावर बघतो, म्हणाले. लंकाबाई ऐकेनात. शेवटी ते एकेक इंग्रजी अक्षर पुटपुटत सांगू लागले. शेजारी बसलेल्या भिकनमामांचा घास हातातच राहिला. वाढपीही थांबला.

‘लाजरी’ एवढं टाइप झालं आणि लंकाबाईंची बोटं थबकली. लग्नानंतर वर्षभर नवरा त्यांना त्या नावाने हाक मारायचा. पुढे पोरं झाली, ती हाक कधी बंद पडली, कळलंही नव्हतं.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“पुढे तुझं नाव.”

“ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने सांगा.”

“लंका,” धोंडीराम म्हणाले. “लाजरी लंका. झालं समाधान?”

पंगत हसायला लागली. भिकनमामांना ठसका लागला. फोनमधून उरलेली अक्षरं टाइप केल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर धोंडीरामांनी आपण होऊनच निकिताला अपडेट आपोआप होण्याची ती सोय दाखवायला सांगितली. सेटिंगमध्ये एकच खटका होता, तो तिने चालू केला. पासवर्डही बदलून देऊ का, असं तिने हळूच विचारलं.

“त्याला हात लावायचा नाही,” स्वयंपाकघरातून लंकाबाई म्हणाल्या.

आता अपडेट आपोआप येतात. धोंडीराम सकाळी चष्मा लावून, काय काय बदललं ते नुसतं तपासतात. अजून एकही चूक सापडलेली नाही, याची त्यांना जरा रुखरुखच आहे.