दमयंतीचं माहेर आणि इंदूअक्का

इंदूअक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथात तुमचाही लेख हवा, असं मंडळींनी सांगितलं. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे; मधेच हसते, तेवढं सोडून द्यावं.

अक्कांची पहिली भेट नवनगरातल्या देवळात झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या तिथं मंगळवारी दुपारी बायकांना पुराणातल्या कथा सांगत. मी चपला काढत घुटमळत होते. ‘बर्री, कूड्री,’ या, बसा, असं कानडीत म्हणत त्यांनी मला थेट पुढं बसवलं. त्यांचा आवाज गोड म्हणवत नाही; आरतीत त्यांनी सूर धरला की घंटा जोरात वाजवावी लागते. पण कुणी प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा खुलतो. अहल्येला शिळा असताना ऊन लागत होतं का, असं मी एकदा विचारलं. बायका हसल्या. अक्कांनी आठवडाभर पोथ्या चाळल्या आणि सर्वांसमोर सांगितलं, की उत्तर सापडलं नाही, पण विचारायला हवंच होतं.

त्यांची एक रीत आहे. नायिका संकटात असताना त्या कथा थांबवत नाहीत. पोरीला वनात एकटी टाकून आपण घरी जेवायला कसं जायचं, म्हणतात. तिला कुठल्यातरी छपराखाली पोचवल्यावरच आरती.

नळ राजा दमयंतीला वनात सोडून गेला, ती कथा चालली होती तेव्हा माझी धाकटी लेक सुमन कलघटगीहून माहेरी आली होती. जावई न सांगता घर सोडून गेले होते. सासरचे म्हणत होते, तिनं तिथंच राहून वाट बघावी. आमच्या ह्यांचंही तेच; दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते तिला परत पोचवणार होते. मी अक्कांना विचारलं, ‘दमयंती माहेरी आली तेव्हा तिला कुणी परत जा म्हटलं नाही?’

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘नाही. माहेरी राहूनच तिनं नळाचा शोध घेतला. पण हे कुणासाठी विचारताय, गंगाबाई?’

आरतीनंतर त्या माझ्याबरोबर घरी आल्या. ह्यांना उपदेश केला नाही. चहात आणखी साखर मागून घेतली आणि तीच कथा पहिल्यापासून सांगितली. दमयंती बापाच्या दारात पोचली, तिथं स्वतःची रीत मोडून थांबल्या. ह्यांनी विचारलं, ‘पुढं?’

‘पुढचं बापानं सांगायचं, अण्णा.’

हे रिकामा कप फिरवत बसले. सकाळची बस गेली, सुमन घरीच होती.

पुढं अक्कांनीच शब्द टाकून तिला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात काम मिळवून दिलं. वर्षभरानं जावई दारात उभे राहिले. हे लगेच तिची पेटी काढायला उठले. अक्का आमच्याकडेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, नळ परत आला तेव्हा दमयंतीनंही आधी दासी पाठवून त्याची पारख केली होती. सुमन म्हणाली, आपल्याकडे दासी कुठली, मीच जाते. तिनं त्यांना ओट्यावर बसवून विचारलं, इतके दिवस होता कुठं?

जावई आता दर रविवारी येतात, ओट्यावर चहा पितात आणि परत जातात. सुमनची पारख अजून चालू आहे. किती दिवस, असं ह्यांनी विचारलं की अक्का म्हणतात, तिला विचारा.

देवानं अक्कांचे गुडघे आणि कान शाबूत ठेवावेत. सुमनचा निर्णय होईपर्यंत त्यांनी आमच्यात असावं, एवढंच माझं मागणं. आणि लेक माझी आहे. ती काही घाई करायची नाही.