ताईंनी काढून टाकलेले पाईप

मी सातवीच्या वर्गावर होते. फोन आवाज बंद करून टेबलावर ठेवला होता. त्यावर नरेशचं नाव लागोपाठ दोनदा झळकलं. शाळेच्या वेळात माझा नवरा कधीच फोन करत नाही, म्हणून मुलांना धडा वाचायला सांगून व्हरांड्यात आले. तो म्हणाला, "ताई गेली." मी विचारलं, "कुठं गेल्या?" ...सकाळी माझ्यासमोर चहा पिऊन, डबा पिशवीत टाकून नवा रायपूरच्या बसने ऑफिसला निघालेल्या बाईबद्दल मला दुसरं काय सुचणार होतं? ऑफिसातच त्यांना घाम आला, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचण्याआधी सगळं संपलं. याला आता पाच आठवडे झाले.

शशिकला गजभिये म्हणजे माझी मोठी नणंद. सिंचन खात्यात त्या कालव्यांचे नकाशे काढायच्या. कागदावर त्यांचं पद 'ड्राफ्ट्समन' होतं, आणि त्यातल्या 'मॅन'वर त्या स्वतःच हसायच्या. आमची माणसं मूळ भंडाऱ्याकडची. सासरे रेल्वेत होते म्हणून रायपूरला आली आणि इथलीच झाली. लग्न करायचं नाही हे ताईंनी फार आधी ठरवलं होतं, आणि त्या आमच्याजवळच, चौबे कॉलोनीतल्या घरात राहायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. कमी बोलणं, सरळ भांग, आणि कपड्याची घडी चुकली तर ती उलगडून पुन्हा घालणारे हात. या बाईसोबत मी एक दिवस डोक्यावर हेल्मेट घालून शर्यतीच्या गाडीत बसेन असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ती गोष्ट सुरू झाली ऑफिसच्या बसमधून. नवा रायपूरला रस्ते आधी झाले, घरं अजून व्हायची आहेत. अशाच एका रिकाम्या ले-आउटमध्ये, मालकाची परवानगी काढून, चार-पाच हौशी माणसं घरी बनवलेल्या गो-कार्ट पळवायची. लोखंडी पाईपांचा सांगाडा, जुन्या मोटरसायकलचं इंजिन, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसायची जागा. त्यांच्यात एक दातांचे डॉक्टर होते, आणि भिलाईच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले राव साहेब होते. एका शनिवारी बसच्या खिडकीतून ताईंना ती गाडी वळताना दिसली, आणि तिचं किंचाळणं ऐकू आलं. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या. एवढं अंतर उन्हात चालत परत गेल्या आणि त्या अनोळखी माणसांना विचारलं, "भैया, ये मुड़ते समय रोती क्यों है?"

त्यांनी हसून सांगितलं, की मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली आहेत. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण दोघंही सारखीच फिरतात, म्हणून घासतात. गो-कार्ट अशीच असते. ताई घरी आल्या, जेवल्या नाहीत, आपल्या खोलीचं दार लोटून बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला अंगणात बोलावलं. तिथे सासऱ्यांच्या वेळची सुतळीची बाज होती, खिळखिळी झालेली. "या कोपऱ्यावर बस वं," म्हणाल्या. मी बसले. समोरच्या कोपऱ्याचा पाय जमिनीवरून बोटभर उचलला गेला. ताई लहान मुलीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, "पाह्यलं? बाज ढिली हाय म्हणून पाय उचलते. गाडीचा सांगाडाबी असाच वाकला पाहिजे. वळताना आतलं चाक आपसूक उचललं, की घासायचं कामच नाही. अन् हे पोट्टे गाडी मजबूत कराले पाईपावर पाईप लावून राहिले!"

'पोट्टे' म्हणजे साठीचे राव साहेब आणि पन्नाशीचे डॉक्टर.

त्यांच्या पहिल्या नकाशात इतरांपेक्षा चार पाईप कमी होते. तो घेऊन त्या रेल्वे लाइनीपलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, यादव भैयांकडे गेल्या. ते गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. आमचंही गेट त्यांचंच. राव साहेबांनी नकाशा पाहून मान हलवली, "मॅडम, टूट जाएगी." यादव भैयांनी मात्र "हव दीदी" एवढंच म्हटलं आणि पाईप कापायला घेतला. आता गाडी चालवणार कोण हा प्रश्न होता. ताईंनी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला विचारलं, "ज्योती, तुझं वजन किती हाय?" मी म्हटलं, "सेहेचाळीस." "बस," म्हणाल्या, "मग तूच." मी तोपर्यंत स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं. पण काय सांगू... त्या पहिल्या रविवारी सकाळी गाडी वळली, मागचं आतलं चाक अलगद उचललं गेलं आणि किंचाळी आलीच नाही. नुसता इंजिनचा आवाज, आणि रस्त्याच्या कडेला वही छातीशी धरून उभ्या ताई. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते. चाळिशीतल्या, दोन वेण्यांच्या वयापासून 'सांभाळून' हाच शब्द ऐकत आलेल्या बाईला ते हसू कुठून आलं, मला माहीत नाही.

दीड वर्ष असं छान चाललं. मग एका रविवारी, उजव्या वळणावर, गाडीखालून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. सांगाडा मधोमध बसला, गाडी गरगरली आणि मी मातीच्या ढिगात जाऊन आदळले. डावं मनगट मोडलं. त्याहून जास्त काही झालं नाही, पण त्या वेळी ते कोणाला कळणार? ताई धावत आल्या तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

घरी नरेशचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. "तुले गाड्याच बनवायच्या होत्या त बनव, माझ्या बायकोले काहून बसवलं त्याच्यात?" त्या दिवसापासून भाऊ-बहीण एका घरात राहून एकमेकांशी बोलेनासे झाले. जेवताना तो मला म्हणायचा, "तिले वरण वाढ." आणि त्या तिथेच समोर बसलेल्या असायच्या.

तिकडे मैदानावर सगळ्यांनी एकच ठरवलं, की वेल्डिंग कच्चं होतं. राव साहेब तसं म्हणाले, डॉक्टर तसं म्हणाले, आणि अशी गोष्ट पाऱ्यात पोचायला वेळ लागत नाही. यादव भैयांकडे एका शाळेच्या गेटचं काम ठरलं होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. 'मुलांच्या अंगावर पडलं तर?' असं कोणीतरी म्हणालं होतं. यादव भैया आमच्याकडे आले, दारातच उभे राहिले, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि हात जोडून परत गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

ताईंनी तुटलेला सांगाडा टेम्पोतून घरी आणवला आणि व्हरांड्यात ठेवला. ऑफिसातून आल्या की त्या हातात भिंग घेऊन त्याच्यासमोर फरशीवर बसायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी मला हाक मारली आणि बोट ठेवून दाखवलं. वेल्डिंगची जाड, खवल्यांसारखी रेघ जशीच्या तशी शाबूत होती. पाईप फाटला होता तो तिच्या शेजारून. "जोड नाही सुटला," त्या म्हणाल्या, "जोडाची जागा चुकली. गाडी जिथं सगळ्यात जास्त वाकते, नेमका तिथंच मी जोड काढला. यादव भैयानं विचारलं होतं मले, दीदी, जोड़ इहें? मी म्हटलं, हो, इथंच." मग आपलाच नकाशा गुंडाळत म्हणाल्या, "रविवारी साऱ्यायले सांगतो."

आता जे लिहिणार आहे, ते मी ताई जाईपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, राहू द्या ना. कशाला सांगता? आधीच ते म्हणत होते, पाईप कमी आहेत, तुटेल म्हणून. आता तुमच्यावर हसतील सगळे. यादव भैयांचं काय, दोन महिन्यांत लोक विसरतील." मला खरंच त्यांच्या भल्याचं बोलतेय असं वाटत होतं. ताईंनी भिंग खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ज्योती, त्याचं नाव खराब होऊन राहिलं अन् मी गप बसू?"

त्या रविवारी आम्ही दोघी टेम्पोत पुढे बसून गेलो. मागे सांगाडा, आणि वाटेत चढवून घेतलेले यादव भैया, जे यायला अजिबात तयार नव्हते. ताईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. मी त्यांना चार माणसांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. घरच्या लग्नातसुद्धा त्या मागच्या रांगेत बसायच्या. त्यांनी तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "वेल्डिंग नहीं टूटी है। हाथ लगाकर देखिए, जोड़ साबुत है। पाइप बगल से फटा है। जोड़ वहाँ मैंने बनवाया था। गलती ड्रॉइंग की है, मेरी है। यादव भैया का इसमें कुछ नहीं।" राव साहेब गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, त्या रेघेवरून अंगठा फिरवला. उठताना ते यादव भैयांना म्हणाले, "माफ करना भाई." मग ताईंकडे वळले. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "तो अब जोड़ कहाँ रखेंगी, मॅडम?"

पुढच्याच आठवड्यात ताईंनी त्या शाळेतही जाऊन हे सगळं सांगितलं. गेलेलं काम परत मिळालं नाही, हे खरं. पण नंतर त्याच शाळेने सायकल स्टँडची शेड यादव भैयांकडून करून घेतली.

नव्या नकाशात त्या जागी जोडच नव्हता. एकच लांब पाईप वाकवून घेतला होता. गाडी तयार झाली तेव्हा माझं प्लास्टर निघालेलं होतं. ताईंनी पहिल्यांदा नरेशसमोर उभं राहून स्वतःहून तोंड उघडलं. "तू हो म्हटल्याबिगर ज्योती बसत नाही. अन् तिच्या आधी मी बसतो." नरेश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "मले काय विचारतं? तिले विचार." बोलणं सुरू झालं ते असं.

आणि खरोखर त्या बसल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, सलवार-कुर्त्यात, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, डोक्यावर माझं हेल्मेट. सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. मला धावत मागे यावं लागेल इतक्याही वेगाने गाडी जात नव्हती. पलीकडच्या वळणावर गाय आडवी आली तर या बाईंनी गाडी थांबवून तिला हाताने 'हट हट' केलं, ती हलेना म्हणून वाट पाहिली, आणि ती गेल्यावर पुन्हा निघाल्या. डॉक्टर हसून हसून खाली बसले. पण त्यांनी दहा फेऱ्या पूर्ण केल्या. प्रत्येक फेरीनंतर उतरून, वाकून, तो पाईप तपासला. मग हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. केस घामाने चिकटलेले, चेहरा लाल... "जा आता," म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात आपसातल्या शर्यतीत मी दुसरी आले. पहिले डॉक्टर. मी हिरमुसले होते, पण ताई डॉक्टरांच्या गाडीखाली डोकं घालून काहीतरी पाहत होत्या. बाहेर आल्या त्या हसतच. डॉक्टरांनी कोणाला न सांगता आपल्या सांगाड्यातले तीन पाईप कापून टाकले होते. परतीच्या वाटेवर ताई सगळ्या रस्ताभर खूश होत्या. जिंकल्यावर माणूस होतो, तशा.

ताई गेल्यानंतरच्या जलदान विधीला ही सगळी माणसं पांढरे कपडे घालून आली होती. त्यांना आमच्या बौद्ध रीती माहीत नव्हत्या, म्हणून एकमेकांकडे पाहून हात जोडत होती. भन्तेजींच्या प्रवचनानंतर कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला, असं म्हटलं गेलं. ऑफिसातले एक-दोघं बोलले. मग यादव भैया उठले. एकच वाक्य म्हणाले, "दीदी सबके आघू मोर नाव बचाइस." सगळ्यांसमोर ताईंनी माझं नाव वाचवलं. आणि खाली बसले. माझ्या शेजारी नरेश बसला होता. ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी ताईंना काय सल्ला दिला होता, तेसुद्धा.

ताईंच्या खोलीत त्यांचा ड्रॉइंग बोर्ड आहे. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा मोडीत निघालेला हा बोर्ड त्यांनी मागून घरी आणला होता. खोलीचं काय करायचं हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. सध्या मी शाळेच्या वह्या तपासायला तिथे बसते. खिडकीतून उजेड चांगला येतो. बोर्ड तिरपा आहे, वह्या घसरतात, मी त्या कोपराने धरून ठेवते. परवा रविवारी नरेश दोघांचा चहा घेऊन आत आला आणि सवयीने कप बोर्डावर टेकवला. कप घसरला. मी वह्या उचलल्या, त्याने कप पकडायला हात घातला, चहा सगळीकडे झाला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "अरे पोट्टेहो, किती वेळा सांगू, बोर्डावर चहा नका ठेवू!" अगदी ताईंच्या आवाजात, त्यांच्याच त्या चिडक्या सुरात. आम्ही दोघंही खळखळून हसलो. या पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

मग तो फडकं आणायला स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ परत आला नाही.