भित्र्या काकूंचा कुत्रा

पिपलानी या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या गल्लीत सगळे शेजारच्या काकूंना 'कुत्तेवाली आंटी' म्हणत, आणि कुत्र्यांना त्यांच्याइतकं भिणारं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. रोज सकाळी फाटकाबाहेर पोळ्या ठेवायच्या आणि आत पळून कडी लावायची, हा त्यांचा नेम. "मला भीती वाटते म्हणून त्यांना उपाशी ठेवायचं का?" असं वर विचारायच्या. त्या मूळच्या नागपूरच्या. काका कारखान्यात फोरमन.

मी तेव्हा ॲनिमेशन शिकून घरी परतले होते. कॉलनीतल्या एका मुलीला कुत्रा चावला, आणि सगळी कुत्री गाडीत घालून लांब सोडून यावीत, असं बऱ्याच जणांचं ठरत आलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं मला छोटीशी फिल्म करायला सांगितली: कुत्र्यांना दगड मारू नका, त्यांना लस टोचू द्या. मी मोठ्या डोळ्यांचं, हसरं, गोजिरवाणं पिल्लू काढलं आणि कौतुक करून घ्यायला काकूंकडे गेले.

काकूंनी खुर्ची मागे सरकवली. "हा हसतोय कशाला? दात दिसतात त्याचे."

त्यानंतर त्याच माझ्या परीक्षक झाल्या. चित्र पाहून त्यांनी पाय वर घेतले की कुत्रा नापास. टक लावून बघणारा नापास. उडी मारणारा तर त्यांना पडद्यावरसुद्धा नको होता. भिणारा माणूस कुत्र्याकडे किती बारकाईनं बघतो, ते मला तेव्हा कळलं. शेपूट कधी ताठ होते, कान कधी मागे जातात, सगळं त्यांना पाठ. शेवटी एक तांबूस, कान मुडपलेला, अंग चोरून बसलेला आणि दुसरीकडे बघत जांभई देणारा कुत्रा तयार झाला. काकूंचे पाय जमिनीवरच राहिले.

"हा मलाच घाबरलाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यालाच घे."

कम्युनिटी हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा त्या जांभईला लोक खदखदून हसले. त्या मुलीचे वडील हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "पहले टीके लगवा लो. गाड़ी की बात बाद में करेंगे." आधी लस टोचायचं ठरलं, आणि ती गाडी काही आली नाही.

पुढं काका रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. सामानाचा ट्रक गेल्यावर पोळ्या खायला येणारा एक काळा कुत्रा फाटकाशी येऊन बसला. काकूंनी मला मध्ये उभं केलं, माझा दंड घट्ट धरला आणि एक बोट त्याच्या पाठीला लावलं.

"अगं, गरम असतो हा," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसेपर्यंत ते बोट त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं होतं.