नाना घाडींचं गाऱ्हाणं

एंटरचं बटण दाबण्याआधी नाना घाडी गाऱ्हाणं घालत. देवळात घालतात तसंच, हात जोडून आणि खड्या आवाजात. "बा देवा म्हाराजा, आज बारा कामां वाटेक लावतंय. खंय अडली तर सोडव रे म्हाराजा!" कसालच्या आमच्या ऑफिसातले सगळे, अगदी पाण्याचा जार घेऊन आलेला माणूससुद्धा, एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा!" मी तेवढा म्हणत नसे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, नाना दहावी झालेले स्टोअरकीपर, आणि तरी ते बटण त्यांच्या हाताखाली होतं. ते बघून माझ्या पोटात दुखायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आम्ही खाडीवर पूल बांधत होतो. पुलाच्या कुठल्याही भागाचं काँक्रीट ओतायचं तर परवानगी लागते. आधी आमच्या साइट इंजिनिअरची, मग गुणवत्ता तपासणाऱ्याची, शेवटी सल्लागार कंपनीच्या इंजिनिअरची. ही साखळी बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा ठरवून ठेवलेली असते, तिला वर्कफ्लो म्हणतात, आणि तिच्या ठरलेल्या साच्याला टेम्प्लेट. प्रत्येक कामासाठी तिची नवी प्रत सुरू करायची, ती इन्स्टन्स. मी एकेक प्रत हाताने सुरू करायचो आणि त्यात माझी दुपार जायची. सॉफ्टवेअरला मागचं एक दार असतं, एपीआय. छोटा प्रोग्रॅम लिहून त्या दाराने सांगितलं, तर यादीतल्या सगळ्या प्रती एका दमात सुरू होतात. हे दार कॉलेजात शिकलेल्या मी नाही, नानांनी उघडलं. एपीआयची माहिती त्यांनी छापून आणली आणि लाल पेन्सिलीने खुणा करत दोन महिने वाचली.

"माका कम्प्युटर कळना नाय रे दीपक, माका मान कळता," ते म्हणायचे. कट्टा गावाजवळच्या त्यांच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. कुठल्या घराला आधी विचारायचं, कोणाच्या हातात नारळ आधी द्यायचा, हे त्यांना लहानपणापासून पाठ. वर्कफ्लो त्यांना लगेच कळला तो त्यामुळे. टेम्प्लेट आणि इन्स्टन्समधला फरक त्यांनी चहा देणाऱ्या वैनींना एका वाक्यात सांगितला होता. "वाट तीच गो, पालखी दरवर्साक नवी." मी तोच फरक आमच्या मालकांना, शेटना, सांगायला वीस स्लाइड केल्या होत्या, आणि शेट तिसऱ्या स्लाइडला फोन घेऊन बाहेर गेले होते.

पुढे नवीन जेटीचं काम मिळालं. तिथली सगळी यंत्रणा सांभाळायला शेट एकाला नेमणार होते, नानांना किंवा मला. कुडाळला घरी गेलो की बाबा विचारायचे, "त्या घाड्याक जमता ता तुका कित्याक जमना नाय?" मी जेवणावरून उठायचो.

सॉफ्टवेअरला माणसांची नावं कळत नाहीत, नंबर कळतात. प्रत्येक पायरीवर ज्याची सही हवी त्याचा नंबर नानांच्या यादीत असे. एका सोमवारी सल्लागार कंपनीचं पत्र माझ्या मेलवर आलं. त्यांचा इंजिनिअर बदलून गेला होता, नव्याचा नंबर पत्रात होता. मी ते नानांना पाठवलं नाही. आधी विसरलो असं स्वतःला सांगितलं. बुधवारी संध्याकाळी नानांनी मला बोलावलं. पडद्यावर चाळीस कामांची यादी होती आणि शेवटच्या रकान्यात चाळीस वेळा जुना नंबर.

"सगळा बरोबर आसा मां रे?"

"आसा, नाना," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी गाऱ्हाणं झालं, बटण दाबलं गेलं. चाळीसही परवानग्या दोन पायऱ्या चढून तिसरीवर, बदलून गेलेल्या माणसाच्या दाराशी जाऊन बसल्या. खांबाचा पाया ओहोटीतच ओतता येतो. काँक्रीटच्या गाड्या खाडीवर उभ्या राहिल्या आणि परवानगी येईपर्यंत पाणी चढलं. शेट सगळ्यांसमोर नानांना वाट्टेल ते बोलले. नाना म्हणाले, "चूक माझी, शेट. सल्लागारांक आधी इचारूचा ता मी इचारलंय नाय." मग सल्लागारांना फोन करून त्यांनी नवा नंबर मागवला आणि दिवसभर बसून चाळीस प्रती एकेक करून रद्द केल्या, पुन्हा सुरू केल्या. मी शेजारच्या टेबलावर जेटीचे नकाशे उघडून बसलो. आठवड्याने जेटीचं काम मला मिळालं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

नाना त्याच वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी वैनींनी काजूची उसळ आणि वडे करून आणले होते. नानांनी स्वतःच नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तीस वर्सां ह्या हापिसाचा मीठ खाल्लंय. काय चुकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता ह्या खुर्चीर आमचो दीपक बसतलो. पोर हुशार आसा. तेका यश दे. आणि सोमवारी हाती इलेला पत्र बुधवारी सांगूचो धीर दे रे म्हाराजा!"

सगळे नेहमीच्या सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा!" कोणाला काही कळलं नाही, मला मात्र कळलं. सल्लागारांनी नंबर देताना सोमवारचं पत्रच पुन्हा, या वेळी नानांना, पाठवलं होतं, माझं नाव वर असलेलं. इतके महिने ते त्यांच्याकडे होतं. नाना माझ्याकडे बघत हात जोडूनच उभे राहिले. मी तोपर्यंत त्या ऑफिसात कधीच न म्हटलेले शब्द म्हटले, आणि ते माझे मलाच ऐकू आले नाहीत.

आज बटण माझ्या हाताखाली आहे. नानांचा हेवा गेला म्हणाल, तर नाही, वाढलाच आहे. एपीआय मी शिकलो. पण शेट तोंडाला येईल ते बोलले, त्यानंतर ते पत्र हाती लागूनही हा माणूस गप्प राहिला, ते मला जन्मात जमणार नाही. मला एवढंच जमतं, की कुणाच्या बदलीचं पत्र आलं की मी जागेवरून उठतो आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन ते वाचून दाखवतो.